साडूंचं आवर्तन

आमच्या साडूंना ‘जेवलात का?’ असं विचारलं, तर ते आधी घड्याळ बघतात आणि मग उत्तर देतात. भूक हा त्यांच्या मते भरवशाचा पुरावा नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कुठल्या चारीला कुठल्या वारी किती तास पाणी, शेजपाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या ठरलेल्या क्रमात, कुणाची पाळी आधी, हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या, बागाईतदाराने रात्रीतून मोटर लावली तर शेवटच्या टोकाच्या, टेलच्या शेतकऱ्याने काय करायचं, या हिशोबात केस पांढरे झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कालवा सरकारला परत केला आणि शेजपाळी घरी आणली. आता ती न्हाणीघराच्या दारावर टाचलेली असते. गौरी-गणपतीत पाहुणे येतात म्हणून तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या.

शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं ठरलेल्या गोष्टींसाठी, लाल बदलांसाठी. लाल पेनाची रिफिल वर्षानुवर्षं तीच आहे, हे ते आल्यागेल्याला पेन उघडून दाखवतात.

अशी माणसं घरोघरी सापडतात. इतर लोक सहलीला जातात. ही माणसं सहल सोडतात, धरणातून पाणी सोडावं तशी. वेळ, विसर्ग, अंतर सगळं ठरवून. म्हणून गेल्या वर्षी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या म्हणाली, “जपानला एकदा जाऊन येऊ या. फार काही नको. क्योटोच्या त्या देवळांच्या भागात दोन रात्री राहू आणि नुसतं पायी हिंडू,” तेव्हा मी चकलीचा तुकडा हातातच धरून साडूंकडे पाहिलं. त्यांनी निळं पेन काढलं होतं. ‘नुसतं’ त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

आठवड्याभरात पहिला कागद आला. क्योटोच्या पूर्वेला हिगाशियामा ही डोंगरांची रांग आहे आणि तिच्या पायथ्याशी दक्षिणोत्तर देवळंच देवळं. दक्षिणेला सांजुसांगेनदो, मग कियोमिझुदेरा, तिथून सान्नेनझाका आणि निनेनझाका हे दोन दगडी उतार, यासाकाचा पाच मजली पॅगोडा, कोदाइजी, चिओनइन, नानझेनजी आणि उत्तर टोकाला गिनकाकुजी. चालत सगळं मिळून सातेक किलोमीटर. साडूंनी दक्षिणेला ‘हेड’ आणि उत्तरेला ‘टेल’ असं लिहिलं होतं आणि वर ठळक अक्षरात, कालव्याच्या पाण्याच्या फेरीला देतात तसा मथळा: ‘हिगाशियामा आवर्तन’.

“साडूभाऊ, हेडला गर्दी आणि टेलला ठणठणाट, हा जगाचा नियम आहे,” ते मला म्हणाले. “सगळे पर्यटक दहा वाजता कियोमिझुला पोचतात. देऊळ मात्र सहाला उघडतं. म्हणजे चार तासांचं पाणी रोज वाया जातंय.”

मग मोसम. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणून एप्रिल बाद. ‘फुलं बघायला गेलो तर माणसं बघून येऊ.’ नोव्हेंबरच्या अखेरीस पानं लाल होतात, त्यामुळे तोही बाद. एप्रिल संपता संपता जपान्यांच्या सलग सुट्ट्या लागतात, म्हणून मेचा पहिला आठवडा गेला. जूनच्या सुरुवातीला पाऊस लागतो. राहिला मेचा मधला आठवडा. तेव्हा सूर्य पाचच्या आधीच उगवतो, म्हणजे सहाला लख्ख उजेड. इतक्या काटेकोरपणे तर आमच्या लग्नाचाही मुहूर्त काढला नव्हता.

तक्त्याला रकाने होते: वेळ, अंतर, चढ, पायऱ्या, बाकडं, शौचालय आणि ‘गुडघा’. शेवटचा रकाना ताईसाठी. त्यात शून्य ते पाच असे गुण. कियोमिझुच्या चढाला चार, कालव्याकाठच्या वाटेला शून्य. सान्नेनझाकासमोर वेगळी टीप होती. या उतारावर जो पडतो तो तीन वर्षांत मरतो, अशी तिथली जुनी समजूत. त्यावर उतारा म्हणून तिथल्याच एका दुकानात छोटे भोपळे मिळतात. साडूंनी अंदाजपत्रकात ओळ टाकली होती: ‘भोपळा, नग चार, आवश्यक असल्यास.’

रंगीत तालीम पर्वतीवर झाली. एकशे तीन पायऱ्या, पाठीवर सॅक, सकाळी सहा. वर पोचल्यावर सर्वांनी बूट काढायचे आणि घालायचे, आणि साडू घड्याळ लावून उभे. जपानी देवळांत पुन्हा पुन्हा बूट काढावे लागतात, हे त्यांनी वाचलं होतं. माझ्या बुटांना नाड्या होत्या. प्रत्येक देवळामागे माझी तीन मिनिटं, म्हणजे तीन दिवसांत एका अख्ख्या देवळाची वाट लावणार, असं गणित त्यांनी तिथेच मांडलं. संध्याकाळी मी बिननाडीचे बूट घेऊन आलो.

खरी अडचण आली ती कॅलेंडरमधून. दुसऱ्या मुक्कामाच्या रात्री संकष्टी निघाली. ताई संकष्टी मोडत नाही. जपानी देवळांतही गणपती आहे, त्याला कांगितेन म्हणतात, मूर्ती बहुधा दृष्टीआड ठेवतात आणि नैवेद्याला मुळा असतो, हे साडूंनी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मग तर पाळायलाच हवी.” आता प्रश्न असा, की कॅलेंडरात चंद्रोदय छापलेले ते आपल्याकडच्या गावांचे. साडूंनी क्योटोचा काढला. रात्री दहाच्या पुढे गेला. पण तो क्षितिजावरचा. आपण राहणार डोंगराच्या पश्चिम पायथ्याला, आणि चंद्र येणार पूर्वेकडून. तो डोंगर चढून वर येणार केव्हा, त्याला किती मिनिटं धरायची? आणि जपानी पांथशाळेत, म्हणजे र्योकानमध्ये, रात्रीचं जेवण सहाला किंवा साडेसहाला. ते हुकलं की हुकलं. या एका चंद्रावर साडूंनी दोन रात्री घालवल्या. शेवटी त्यांनी र्योकानच्या मालकीणबाईंना सविस्तर पत्र लिहिलं, सोबत डोंगराचा उभा छेद जोडला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की ताईंचं जेवण डब्यात वेगळं राखून ठेवू. वरच्या मजल्यावरच्या पूर्वेच्या खिडकीतून त्या सुमारास चंद्र डोंगराआडून कधी बाहेर येतो, ते आम्ही आदल्या महिन्यात बघून कळवू. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा रश्शाला सुक्या बोनिटो मासळीचा अर्क वापरणार नाही, कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी वापरू. आपण साधारण किती वाजता पोचाल? आणि चौघांच्या पावलांची मापं कृपया कळवावीत, म्हणजे सपाता काढून ठेवता येतील.

साडूंनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसला. “बाई हुशार दिसतात,” एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं, जे शेजारच्या तालुक्याचं धरण आधी भरल्यावर दिसत असेल.

क्योटोत उतरल्यावर हा आजार वाढत गेला. टोकियोहून बॅगा आदल्या दिवशी कुरिअरने पुढे पाठवल्या होत्या. त्या हरवतील म्हणून साडूंनी चौघांचे जादा कपडे पाठीवर वाहून आणले. खोलीत शिरलो तर बॅगा ओळीने उभ्या, हँडलं आमच्याकडे वळवलेली. ‘पाऊस आल्यास’ हे पान साडूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं होतं. पावसाचा पहिला थेंब पडला तेव्हा दारात चार छत्र्या आधीच उभ्या होत्या. पहाटे साडेपाचला निघायचं म्हणजे न्याहारी बुडणार. त्यासाठी ताईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. तर मालकीणबाईंनी भाताचे मुटके बांधून हातात दिले, आत खारवलेलं उमेचं आंबट फळ, मासळी कशातही नाही. लाल पेन खिशात तसंच.

सांजुसांगेनदोत मात्र साडू थोडे फुलले. लांबलचक लाकडी दालन आणि त्यात कानोन या बौद्ध देवतेच्या एक हजार एक मूर्ती. प्रत्येक मूर्तीला तीन सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं, असा त्यांचा हिशोब. समोरच्या अठ्ठावीस रक्षकांत आपले इंद्र आणि गरुडही उभे आहेत, हे त्यांनी आम्हाला बारा मिनिटांत सांगितलं. ती बारा मिनिटं तक्त्यात वेगळी होती. या गर्दीत आपल्या माणसाचा चेहरा सापडतोच, असं म्हणतात. दोघी बहिणी आपल्या आईचा चेहरा शोधू लागल्या. साडू एका मूर्तीपाशी थबकले, अंग सावरून उभे राहिले. मी विचारलं, “कोण सापडलं?” खालच्या आवाजात म्हणाले, “आमचे कार्यकारी अभियंता.”

दुसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही कियोमिझुच्या दारात. साडूंची अपेक्षा होती की तिथे आम्ही चौघेच असू. तिथे वीसेक माणसं होती. कुणाच्या हातात घडीचा कागद, कुणाच्या गळ्यात दुर्बीण, एका गृहस्थाकडे तर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं पान. देशोदेशीचे साडूच ते. ही वेळ फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीने आलेले; एकमेकांकडे अतिशय नाराजीने बघणारे. दार उघडलं तेव्हा सगळे समान वेगाने चालू लागले, कारण धावण्याची तरतूद कुणाच्याच तक्त्यात नव्हती.

वर तो प्रसिद्ध लाकडी सज्जा. १६३३ सालची बांधणी, खाली तेरा मीटर खोल दरी. पूर्वी लोक नवस बोलून इथून उडी घेत. नोंदींत अशा २३४ उड्या सापडतात आणि दहातले आठ तरी जगले. शेवटी १८७२ साली सरकारने बंदी घातली. ही माहिती देऊन साडू म्हणाले, “इथे नऊ मिनिटं.” त्या क्षणी मला त्या २३४ जणांपैकी काहींचे साडू कसे असतील, याची कल्पना आली. खाली ओतोवाच्या झऱ्याच्या तीन धारा पडतात. आयुष्य, विद्या आणि प्रेम यांच्या. तिन्हींचं पाणी पिणारा हावरा ठरतो. साडूंनी कुणी कुठल्या धारेचं प्यायचं हे पुण्यातच वाटून दिलं होतं: ताईला आयुष्य, मला विद्या. सान्नेनझाकावर कुणी पडलं नाही. भोपळ्याचे पैसे वाचले, याचं साडूंना किंचित वाईट वाटलेलं दिसलं.

त्या रात्री बाईंनी कळवलेल्या मिनिटाला चंद्र डोंगरावर आला. साडूंच्या छेदाप्रमाणे तो चार मिनिटं उशिरा यायचा होता. ताईने अर्घ्य दिलं, डबा उघडला आणि आनंदाने जेवली. साडू खिडकीशी उभे राहून डोंगराची उंची पुन्हा मोजत होते.

तिसऱ्या दिवशी नानझेनजी. १६२८ सालचा प्रचंड दरवाजा त्यांनी ठरल्या वेळेत पाहिला. मग आवाराच्या कडेला विटांच्या कमानींची लांबलचक रांग दिसली आणि साडू थांबले. देवळाच्या अंगणातून चक्क पाटाचं पाणी नेणारा पूल! १८८८ सालचा. शेजारच्या प्रांतातल्या बिवा सरोवरातून डोंगर पोखरून क्योटोला पाणी आणलं, १८९० साली कालवा पुरा झाला, पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर वीजघर सुरू झालं. हे सगळं काम तानाबे साकुरो नावाच्या, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंजिनिअरने पेललं. तक्त्यात इथे वीस मिनिटं होती. साडू वर चढले. वाहत्या पाण्याकडे वाकून बघत राहिले. वीस झाली, चाळीस झाली. ताईने तिचं घड्याळ पाहिलं आणि खालून हाक मारली, “अहो, आवर्तन चुकतंय!”

ते खाली आले ते मुकाट्याने. पुढची तत्त्वचिंतकाची वाट याच कालव्याच्या फाट्याकाठून जाते. तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथे फिरायचे म्हणून हे नाव. क्योटोच्या नद्या दक्षिणेकडे वाहतात, हा फाटा मात्र उत्तरेकडे. हे कळल्यावर साडूंनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं, घड्याळ लावलं आणि पानाबरोबर चालू लागले. पान रेंगाळलं की तेही रेंगाळले, पान मुळाशी अडकलं की तेही उभे. आम्ही तिघं मागून. अखेर लाल पेन बाहेर आलं आणि तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रवाहाचा वेग लिहिला गेला. गिनकाकुजी बंद व्हायच्या आत गाठलं, कारण ‘राखीव वेळ’ म्हणून साडूंनी पाऊण तास दडवून ठेवला होता. सगळ्या सहलीत तो एकट्या त्यांच्यासाठीच खर्च पडला.

परत आल्यावर महिनाभर साडू गप्प होते. मला वाटलं, दमले असतील. मग एक दिवस फोन आला. “साडूभाऊ, जपान चांगला आहे, पण आपल्या कामाचा नाही. तिथे सगळं माझ्याशिवाय होतं. आता काशी. देवळं आहेत, गल्ल्या आहेत, पायी हिंडायचं. दोन रात्री, तीन दिवस.” मी विचारलं, राहायची सोय झाली का? त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. “लॉजला फोन केला. खोली किती वाजता मिळेल, जेवण किती वाजता, चौघांची सोय होईल ना, सगळं विचारलं. तो माणूस काय म्हणाला माहितीय? ‘आप आइए तो सही!’ साडूभाऊ, काहीही ठरलेलं नाहीये! अगदी काहीही!”