वय किती म्हणालात?

मुलांसाठी पुस्तक सुचवा म्हटलं की आपल्याकडे जो तो ग्रंथपाल होतो. पहिला प्रश्न, वय किती? आठ म्हणताच ‘श्यामची आई’ पुढे येते. सहा म्हटलं तरी तीच, अकरा म्हटलं तरी तीच. १९३५ सालचं हे पुस्तक सुचवणाऱ्या कित्येकांनी अत्र्यांचा सिनेमाच तेवढा पाहिलेला असतो, ही गोष्ट वेगळी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र जरा दबकत सुचवला जातो. पोरगं सायकल घेऊन चोरांमागे निघालं तर क्लासला कोण जाणार?

त्याहून लहानांचा मामला गमतीचा. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ आई दुकानात उभ्या उभ्याच वाचून संपवते, मग मागची किंमत बघते आणि विचारते, “एवढंच? यात मजकूर कुठाय?” लेक तोवर फरशीवर फतकल मारून एकाच चित्रावर खिळलेली. शेवटी घरी येतो तो जाडजूड ज्ञानकोश, कारण तो वजनाला भरतो. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, पण ते पडलं स्वस्त. वाढदिवसाला न्यायचं तर चारचौघांत बरं दिसत नाही.

आणि मुलाला काय आवडतं? छे, त्याला काय कळतंय!

दहावीच्या वयाला मात्र कुणी काही सुचवत नाही. त्यांच्यासाठी अपेक्षित प्रश्नसंच असतात.