डॉटनेटकर

डॉटनेटकर ओळखायला त्याचा कोड पाहावा लागत नाही. मीटिंगमध्ये एखादं उत्साही पोरगं फुकटची लायब्ररी सुचवतं आणि हा खुर्चीत मागे रेलून विचारतो, "सपोर्ट कोण देणार?" पोरगं गिटहबवरचे स्टार दाखवतं. ते पाहून याचा चेहरा आणखी पडतो. "उद्या प्रॉडक्शनला काही झालं तर धरायचं कुणाला?" लायब्ररी करते काय, हे अजून त्याने विचारलेलंच नसतं. स्थळ आलं की मुलाआधी घराणं बघावं, तसा तो कोड कुठल्या घरचा ते बघतो. आणि त्याच्या लेखी खानदानी घर एकच, रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टचं.

लोक त्याला ओपन सोर्सचा विरोधक म्हणतात. मला ते पटत नाही. विरोध करायला स्वतःचं मत लागतं. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं, तेव्हा फुकट कोड घेतला की आपलाही उघडा करावा लागतो, हे डॉटनेटकर चहाच्या टपरीवर सांगत होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट कोअरच एमआयटी लायसन्सखाली खुलं करण्याची घोषणा केली, २०१८ मध्ये गिटहबसाठी साडेसात अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. इतकी वर्षं जपलेल्या भीतीने निदान एखादा पावसाळा तरी काढायचा! पण लवकरच याच्या रेझ्युमेत 'ओपन सोर्सची आवड' अशी ओळ उगवली. एमआयटी लायसन्स २००१ मध्येही इतकंच गरीब होतं: मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर राहू द्या, बाकी हवं ते करा. बदलली ती फक्त खालची सही. आधीचा पुरावा तर याहून मजेशीर आहे. जेसन डॉटनेट ही न्यूझीलंडच्या जेम्स न्यूटन-किंग यांची खुली लायब्ररी. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपल्या वेब एपीआयसोबतच द्यायला सुरुवात केली. 'आमच्याकडे फुकटचं चालत नाही' म्हणणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये ती पहिल्या दिवसापासून नांदत होती. साहेबाच्या गाडीतून आली, म्हणून दारात कुणी अडवलं नाही.

आता त्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. क्लायंट बँक असेल तर रात्री दोन वाजता फोन उचलणारं कुणीतरी लागतंच. डिसेंबर २०२१ मध्ये जावावाल्यांच्या लॉगफोरजे या खुल्या लायब्ररीतल्या भगदाडाने जगभरच्या आयटीवाल्यांची झोप उडवली, तो दाखला तो हमखास देतो. पण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं करारपत्र शेवटपर्यंत वाचणारा डॉटनेटकर दुर्मीळ. तिथे नुकसानभरपाईची जबाबदारी बहुतेक वेळा भरलेल्या किमतीपाशीच थांबते. २००७ साली वाजतगाजत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला, तेव्हा धरायला कंपनी समोरच होती. धरून उपयोग काय? सोर्स हाती नाही, म्हणून ज्यांचे स्क्रीन त्यावर उभे होते त्यांनी ते निमूटपणे नव्याने लिहिले.

त्याचा दुसरा आक्षेप जास्त जड आहे: एकट्यादुकट्याने चालवलेलं काम अनाथ होतं. होतं खरं. कोडमधल्या टिपांवरून दस्तऐवज तयार करून देणारं एनडॉक २००६ मध्ये असंच थांबलं. ते सांभाळणाऱ्याची तक्रार होती की वापरणारे उदंड, पण मदतीला किंवा पैशाला कुणी पुढे येत नाही. म्हणजे डॉटनेटकर ज्या अनाथपणाला भितो, त्यात त्याचाही हातभार आहे. त्याची कंपनी लायसन्सवर दरवर्षी लाखो रुपये मोजते, पण चाचण्यांपासून लॉगिंगपर्यंत ज्या खुल्या पॅकेजांवर प्रोजेक्ट उभा आहे त्यांच्यासाठी शंभर रुपये मंजूर करायचा फॉर्मसुद्धा पर्चेस खात्याकडे नसतो. बिल नाही तर व्हेंडर कोड नाही, आणि व्हेंडर कोड नाही तर तो माणूस अस्तित्वातच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याचं मागणं पुरं झालं. फ्लुएंट असर्शन्स ही चाचण्यांसाठी घरोघर वापरली जाणारी लायब्ररी आठव्या आवृत्तीपासून व्यावसायिक वापराला सशुल्क झाली. मागे कंपनी, हातात बिल, धरायला माणूस! 'सपोर्ट कोण देणार' याचं उत्तर छापील किमतीसह हजर. डॉटनेटकराने त्याच दुपारी टीमला मेल टाकला: पॅकेज सातव्या आवृत्तीवर लॉक करा, ती अजून फुकट आहे.