थाळी रोख, अनुदान उधार

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला लाखो माणसं पंगतीला बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी, तीही ट्रॅक्टर फिरवून वाढतात. शुकदास महाराजांच्या आश्रमाची ही रीत. जेवणाऱ्याचं ना नाव नोंदवत, ना फोटो काढत. शासकीय नजरेतून हा गलथानपणाच.

शासनाची पंगत शिस्तीची. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, भात, वरण. ग्रामीण भागात थाळीचा दर ३५ रुपये. गिऱ्हाइकाचे १०, सरकारचे २५. दहा रुपये ताटावर रोख. पंचविसांसाठी ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो, मग बिल, मग तपासणी, मग नुसतीच वाट. २०२५ मध्ये केंद्रचालक थकलेल्या अनुदानासाठी दारोदार फिरत होते. योजना सरकारची, उधारी मात्र केंद्रचालकाच्या नावावर. (वाणीही असा अडाणी, की तेलाच्या डब्याबदल्यात ‘निधी प्रलंबित’ हा शेरा घेत नाही.)

तेव्हा साहेब, पुढच्या योजनेचा फलक रंगवायला टाकण्याआधी मागच्या थाळ्यांचे पैसे तेवढे देऊन टाका.