माल बरा हाय, पन ओलावा हाय

"माल बरा हाय. पन ओलावा हाय."

हा निकाल सोयाबीनचा असता तर नांदगाव खंडेश्वरात कोणी मान वर करून पाहिलं नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे दुसरं काही कानावर पडतच नाही. पण हा निकाल होता टायलर द क्रिएटर नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या 'क्रोमाकोपिया' या अल्बमचा. 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर तो अल्बम आला, आणि निकाल देणारा इसम टपरीवर बशीत चहा ओतत होता. गाव त्याला अल्बमभाऊ म्हणतं. खरं नाव आधार कार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या.

फुकट मत देणारा माणूस हा वऱ्हाडातला जुना वाण. एक मंत्रिमंडळ पाडतो, दुसरा विराट कोहलीला बॅट कशी धरायची ते सांगतो, तिसरा पाऊस कोणत्या नक्षत्रात दगा देणार ते चैत्रातच जाहीर करतो. अल्बमभाऊ त्याच घराण्यातला, फक्त त्याचं खातं वेगळं आहे. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या या गावात, जिथे यादवकाळातलं हेमाडपंती खंडेश्वर मंदिर हे बाहेरच्यांना सांगायचं एकमेव ठिकाण, तिथे तो हिपहॉप आणि सोल या दोन पिकांवर बोलतो. पूर्वी कॅसेट आणायची तर अमरावतीला राजकमल चौक गाठावा लागे, आणि जे मिळे तेच चांगलं म्हणावं लागे. आता अल्बम लॉस एंजेलिसला ज्या घटकेला निघतो त्याच घटकेला नांदगावात उतरतो. त्यामुळे नाक मुरडण्याची सोय घरपोच झाली.

त्याचं शिक्षण झालं अडत दुकानात. तिथे तो हिशेबाला बसतो. हर्रास सुरू झाला की व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो आणि शेतकऱ्याच्या चार महिन्यांचा भाव दोन सेकंदांत बोलून पुढच्या ढिगाकडे सरकतो. अल्बमभाऊ हे वर्षानुवर्षं पाहत आला. म्हणून तोही पहिलं गाणं, मधलं एक आणि शेवटचं, अशी मूठ भरतो. 2021 मध्ये कान्ये वेस्टनं अटलांटाच्या स्टेडियममध्ये मुक्काम ठोकून 'डोंडा' पुरा केला. गाणी 27, वेळ एक तास 48 मिनिटं. अल्बमभाऊचा निकाल चार शब्दांचा होता: "काडीकचरा लय हाय, भाऊ." चाळणी मारली असती तर बारा गाण्यांचा स्वच्छ माल निघाला असता, हे वर. मोठमोठ्या समीक्षकांनी हीच गोष्ट सांगायला पानं खर्च केली. त्यांच्यापेक्षा हा स्वस्तात पडला, असं माझं मत.

ओलाव्याच्या बाबतीत मात्र तो सरकारपेक्षा कडक. हमीभावाच्या खरेदीत बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही. 2024 च्या हंगामात शेतकऱ्यांची ओरड झाली तेव्हा केंद्रानं पंधरापर्यंत सूट दिली. अल्बमभाऊ सूट देत नाही. गाणाऱ्यानं स्वतःबद्दल गाळलेले अश्रू म्हणजे त्याच्या लेखी ओलावा. या मापानं कॅनडाचा ड्रेक आजवर एकदाही वाळलेला नाही. "इतका पैसा हाय, मंग रडते कायले?" हा प्रश्न त्यानं टपरीवर इतक्यांदा विचारला आहे की चहावालाही ड्रेकवर नाराज आहे.

त्याचा मोठा दिवस उगवला 23 नोव्हेंबर 2024 ला. विधानसभेची मतमोजणी होती. टपरीवर उभं राहायला जागा नव्हती, प्रत्येकाचा अंगठा मोबाईलवर. नेमकं आदल्या दिवशी केंड्रिक लमारनं, ज्याच्या 'डॅम' या अल्बमला 2018 मध्ये पुलित्झर मिळालं होतं त्यानं, कसलीही आगाऊ सूचना न देता 'जीएनएक्स' सोडला होता. अल्बमभाऊ रात्रभर जागा. कोणीतरी घाईनं विचारलं, "काय भाऊ, कोन लीडवर हाय?"

"केंड्रिक," अल्बमभाऊ म्हणाला.

"अपक्ष हाय का?"

मग त्यानं समजावून सांगितलं. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत आटोपलेलं, आणि जीएनएक्स हे ब्यूक कंपनीच्या एका गाडीचं नाव. 1987 मध्ये अशा फक्त 547 गाड्या निघाल्या आणि केंड्रिकचा जन्मही त्याच सालचा. एवढी माहिती ऐकल्यावर एका शेतकऱ्यानं फक्त "ॲव्हरेज किती देते?" एवढंच विचारलं. अल्बमभाऊनं विषय बदलला. "मानूस लय तापेल हाय, पन तापायचं कारन सांगते," असं त्यानं अल्बमबद्दल मत दिलं, आणि ते सगळ्यांना आवडलं. ते मूळचं त्याच्या बायकोचं होतं. रात्री तिनं स्वयंपाकघरातून "हा बुवा कोनावर येवढा तापला?" असं विचारलं होतं, हे तिनंच नंतर शेजारी सांगितलं.

गावात त्याला एकच तोडीस तोड विरोधक आहे, भजन मंडळाचे आबाजी. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणण्यात त्यांची हयात गेली. हिपहॉप म्हणजे पेटी विकत घ्यायची ऐपत नसलेल्यांची बडबड, हे त्यांचं ठाम मत. हे ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच चुकीचं नाही. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत दोन रेकॉर्डप्लेअरवर हे सुरू केलं तेव्हा तिथे पेटीवाला कोणी नव्हताच. एका गुरुवारी भजनानंतर अल्बमभाऊनं मोबाईल पुढे केला. 2002 चं ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह'. डॉक्टर ड्रेच्या कंपनीचा माल. चार क्षणांत आबाजींचे डोळे मोठे झाले.

"अरे, हा तं लताबाईचा आवाज हाय!"

होताच. 1981 च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. अमेरिकेत ते न विचारता उचललं गेलं, खटला झाला, आणि बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही, असं तिथल्या न्यायालयानं 2003 मध्ये बजावलं. आबाजींनी शांतपणे मान हलवली. "म्हंजे सातबाऱ्यावर नाव चढवाच लागलं." आणि ज्यानं हा सगळा पुरावा आणला त्या अल्बमभाऊचं मत? "लताबाई सोडल्या तं बाकी काही खास नाई."

सोल संगीताबद्दल मात्र तो टपरीवर कमी बोलतो. ते ऐकायची त्याची जागा वेगळी आहे. घरची तीन एकर आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि थ्री-फेज लाईन येते ती बहुतेक वेळा रात्री. रात्री बाराला स्टार्टर दाबायचा, मोटर धरली की नाही बघायचं, डुकरांची चाहूल घ्यायची आणि पाळीपाळीनं सरीचं तोंड फोडायचं. त्यासाठी एक कान मोकळा लागतो. म्हणून इअरफोन फक्त डाव्या कानात. उजवा तसाही बंद पडलेला आहे. अल्बमच्या ध्वनिमुद्रणावरची त्याची अनेक जहाल मतं ("बाईले लय दूर उभं केलं", "अर्धे वाजंत्री सुट्टीवर होते") या बंद पडलेल्या इअरफोनमधून जन्मली आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

तरी याच एका कानानं त्यानं डी'अँजेलोचा 2000 सालचा 'व्हूडू' ऐकला आणि सकाळी म्हणाला, "आवाज लोण्यासारखा हाय, पन ढोलवाला जरासा मांगं पडते. जानूनबुजून." हे मत त्यानं सहज दिलं, चहाचे पैसे द्यायच्या आधी. आणि ते शंभर टक्के खरं आहे. त्या अल्बमवर ड्रम वाजवणाऱ्या क्वेस्टलवनं ठोका मुद्दाम किंचित उशिरा टाकला; घड्याळासारखं वाजवण्याची अंगात मुरलेली सवय त्यानं त्यासाठी मोडून काढली. त्यामागे जे डिला या निर्मात्याचा प्रभाव होता. संगीताच्या अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत. अल्बमभाऊनं एकही वाचलेलं नाही. पण लहानपणापासून दर गुरुवारी आबाजींच्या मागे बसून खंजिरी वाजवली आहे, आणि आबाजी रंगात आले की ठोका कसा हातभर मागे ओढतात हे त्याच्या मनगटाला माहीत आहे.

मतं देण्याच्या नादात तो लग्नाच्या वरातीतही थांबतो. 'तांबडी चामडी' लागलं, पोरं धुळीत उड्या मारू लागली, आणि हा डीजेच्या गाडीला टेकून सांगतोय की हे हिपहॉप नव्हे, हाऊस संगीत आहे. नवरदेवाचा मामा म्हणाला, "हाऊस असो का बंगला, तू अगुदर नाच."

गेल्या गणपतीत गल्लीतल्या तीन पोट्ट्यांनी सोयाबीनच्या भावावर वऱ्हाडीत रॅप केला, मोबाईलवरच. गावात या विषयातला जाणकार एकच, म्हणून मोठ्या आशेनं ते त्याच्याकडे आले. अल्बमभाऊनं डाव्या कानाला मोबाईल लावला, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच मूठ न भरता गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ठीक हाय," तो म्हणाला. "पन पहिलेचं चांगलं होतं."

"भाऊ, हे पहिलंच हाय."

अल्बमभाऊ बधला नाही. खुंटीवरची खंजिरी काढली, पोट्ट्यांचे शब्द म्हणत म्हणत वाजवून दाखवली, आणि दर चौथ्या ठोक्याला हात जरा लांबवला. पोट्टे एकमेकांकडे बघायला लागले; त्यांचंच गाणं एकदम चालायला लागलं होतं.

"तुमचा ठोका लय बराबर पडते," तो म्हणाला. "तेच चुकलं. थोडं मांगं राहा लागते."

"पन भाऊ, बीट आमी कुठं वाजोला? थो तं ॲपनं देल्ला."

"मंग ॲपले सांग, मांगं राह्य म्हना."