शेठचं भाडं शेठलाच

कंपनीचं मुख्य ध्येय काय? 'नफा कमावणं' असं उत्तर दिलंत तर बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला तुमचे मार्क गेले. बरोबर उत्तर आहे, भागधारकांची संपत्ती जास्तीत जास्त वाढवणं. हे मला माझ्या मुलीने सांगितलं. मी सुरतेच्या रिंग रोडवर एका कापड मार्केटात मेहताजी आहे. म्हणजे शेठच्या वह्या लिहितो, उधारीच्या याद्या काढतो आणि गावोगावच्या दुकानदारांना फोन करून पैशाची आठवण देतो. आमच्या शेठचं ध्येय विचाराल तर 'यंदाची दिवाळी निघू दे' एवढंच आहे. त्यांच्या धंद्यात भागीदार म्हणजे त्यांचे साडू. साडूंची संपत्ती जास्तीत जास्त वाढावी असं त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

आम्ही मूळचे अमळनेरचे, राहायला डिंडोलीत. तापी लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्या खानदेशी माणसांनी लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भरून गेलंय. आमच्या गल्लीत भांडण अहिराणीत होतं, समेट गुजरातीत होतो आणि पोलीस आले तर सगळे हिंदी बोलतात. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. आता वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या एका कॉलेजात आहे. रात्री भांडी घासून झाली की ती फायनान्शियल मॅनेजमेंटचं जाडजूड पुस्तक उघडते आणि मला समोर बसवते. तिच्या मते मी 'प्रॅक्टिकल' आहे. घरात माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललेलं नव्हतं, म्हणून बसतो.

पहिला झटका बसला तो मोदिग्लियानी आणि मिलर यांचा. नाव ऐकून बायकोला वाटलं, त्यातले एक गुजराती असावेत. या दोघांनी 1958 साली असं मांडलं, की कंपनीने पैसा कर्जाने उभारला काय किंवा शेअर विकून उभारला काय, कंपनीची किंमत त्याने बदलत नाही.

"कर्जाने काही फरक पडत नाही?" मी विचारलं. "हे आपल्या गल्लीत मोठ्याने वाचू नको."

"पप्पा, काही गृहीतं आहेत. कर नाही, व्यवहाराला खर्च नाही, दिवाळं निघालं तरी त्याचा वेगळा खर्च नाही, सगळ्यांना सारखीच माहिती आणि कंपनीला ज्या व्याजाने कर्ज मिळतं त्याच व्याजाने तुम्हालाही मिळतं."

"असा बाजार आहे कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून तर नोबेल मिळालं." मोदिग्लियानींना 1985 साली, मिलरना 1990 साली. मग तिने नीट समजावलं. आधी काहीच अडचण नसलेला बाजार मानायचा, मग एकेक अडचण आत आणायची आणि कशाने किती फरक पडतो ते बघायचं. आमच्या मार्केटात सगळ्या अडचणी आधीपासूनच आत आहेत, त्यामुळे कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. झालं-गेलं सगळं 'मंदी' या खात्यावर टाकतात.

सुरतेला वित्तव्यवस्था शिकवायला जाणं तसं धाडसाचंच. सतराव्या शतकात इथला विरजी व्होरा एवढा मोठा सावकार होता, की इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी त्याच्याकडून कर्ज घ्यायची. पुढे जिने देश घेतला, तिला तेव्हा खेळतं भांडवल सुरतेचा व्यापारी पुरवत होता. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज इथे आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि विरजीची पेढी रिकामी झाली. 1670 मध्ये महाराज पुन्हा येऊन गेले. यावरून शेठ दर शिवजयंतीला मला ऐकवतात, "मेहताजी, तुमच्या महाराजांनी आमचं वर्किंग कॅपिटल नेलं." मी म्हणतो, "शेठ, सुरतेत पेमेंट रोख आणि जागेवर मिळालं ते तेवढंच. त्यानंतर कोणालाच मिळालेलं नाही."

हे मी थट्टेत म्हणतो, पण मुलीने ते कागदावर मांडून दाखवलं. तिच्या पुस्तकात 'ऑपरेटिंग सायकल' नावाचं प्रकरण आहे. त्यासाठी आम्ही एक साडी घेतली. विणकराकडून ग्रे कापडाचे ताके येतात, ते छपाई-रंगाईला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जातात, तिथून मार्केटात येतात. मग लेस आणि स्टोन लावायला लिंबायतच्या घराघरांत जातात, घडी होऊन परत येतात, पार्सल बांधलं जातं आणि ट्रान्सपोर्टने मालेगावला किंवा थेट अमळनेरला. "मानू या," मुलगी म्हणाली, "कापड येऊन पार्सल निघेपर्यंत 45 दिवस. पार्सल गेल्यावर पैसे यायला 90. झाले 135. विणकराला आपण 60 दिवसांनी देतो. उरले 75. रोजचा 1 लाखाचा माल धरला तर 75 लाख रुपये कायम रस्त्यावर."

मी म्हणालो, "90 दिवसांत पैसे येतात असं कोणी सांगितलं तुला?"

तिने खोडरबर काढलं. आमचं वर्ष 31 मार्चला संपत नाही, ते दिवाळीला संपतं. लाभपाचमेला गाळा उघडतो आणि 'दिवाळीनंतर बघू' म्हणणारे सगळे तेव्हापासून 'लग्नसरा निघू दे' म्हणायला लागतात. आमच्या वडिलांना मी धंद्यातली कितीही बढाई सांगितली तरी ते शेवटी एकच विचारायचे, "ते सम्दं ठीक शे, पन पैसा कव्हय येतीन?" अख्खं वर्किंग कॅपिटलचं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे, हे मला आता कळलं.

सरकारनेही हा प्रश्न विचारून पाहिला. आयकर कायद्यातलं कलम 43-बी(एच) 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतलात, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे द्या. मुदत उलटून वर्षअखेरीला बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरू. हेतू सोन्यासारखा. पण मार्च जवळ आला तशी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी पैसे पाठवायच्या ऐवजी पार्सलंच परत पाठवायला सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. मुलीने पान उलटलं, "हे बघा, क्रेडिट पॉलिसी. मुदत आवळली की विक्री घटते." पुस्तकावर माझा विश्वास बसला तो त्या रात्री.

पण दलालापुढे पुस्तकाने हात टेकले. आमचे एक दलाल आहेत, शिक्षण बेताचं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मुलगी एकदा गाळ्यावर आली होती तेव्हा शेठ त्यांना म्हणाले, "60 दिवस थांबू नका, आज पैसे द्या, 5 टक्के वटाव घ्या." मुलगी मोबाइलवर हिशोब करायला लागली, 5 भागिले 95, गुणिले 365, भागिले 60. तिचं उत्तर यायच्या आत दलालांनी छताकडे बघून सांगितलं, "महिना अडीच टक्क्याच्या वर जातंय शेठ, तुमचं घर बुडेल." मोबाइलवर वर्षाला 32 टक्के आले. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दलालांनी तिच्यासाठी लोचो मागवला.

महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात तर पुस्तकाची आणखी पंचाईत. तिथे जांगडची चिठ्ठी करून लाखोंचा माल कागदाच्या पुडीत दलालाच्या हाती जातो. मालक एक, माल दुसऱ्याच्या हातात, अशा वेळी काय काय घोळ होतात आणि ते टाळायला किती खर्च येतो, यावर जेन्सन आणि मेकलिंग यांनी 1976 साली मोठा निबंध लिहिला. हिरेवाले तोच खर्च रोज टाळतात, कारण चिठ्ठी मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर कोणी उभं करत नाही.

एवढ्यावर बाजार जिंकला असं मी धरून चाललो होतो. मग प्रोजेक्ट आलं. शेठ दिलदार, त्यांनी एका वर्षाचे आकडे दिले. मुलीने त्या नफ्यातून तीन रकमा वजा केल्या. गाळा शेठच्या मालकीचा, पण शेजारचा तेवढाच गाळा भाड्याने गेलाय, म्हणून तेवढं भाडं. शेठ दिवसभर बसतात, म्हणून त्यांचा पगार. घरचं भांडवल फुकट नसतं, म्हणून त्यावरचं व्याज. खाली आकडा आला तो उणे.

शेठनी चष्मा वर केला. "आ भाडुं कोने आपवानुं?"

"तमने ज, काका."

"तो पछी खोट क्यां छे?"

तिने न घाबरता सांगितलं, की गाळा भाड्याने दिलात आणि भांडवल बँकेत ठेवलंत, तर घरी बसून याहून जास्त मिळेल. शेठ बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "घेर बेसीने करुं शुं?" याला पुस्तकात रकाना नाही. शेठनी मला त्या दिवशी चहा विचारला नाही, पण कागद घडी घालून गल्ल्यात ठेवलेला मी पाहिला.

त्या कागदावरचं गणित खऱ्या अर्थाने उपयोगाला आणलं माझ्या बायकोने. ती घरी साड्यांना स्टोन लावते, साडीमागे ठरलेले पैसे. मुलीने सहज तिच्या तासांचाही हिशोब मांडला, डिंक आणि सुयांचा खर्च वजा केला आणि तासाला काय पडतं ते सांगितलं. बायको हसली नाही, वादही घातला नाही. दुसऱ्या दिवशी माल घेऊन आलेल्या माणसाला तिने दारातच सांगितलं, या भावात परवडत नाही, माझा वेळ मी स्वयंपाकाच्या डब्यांना देईन. साडीमागे दीड रुपया वाढवून घेतला. आमच्या घरातला कॉर्पोरेट फायनान्सचा आजवरचा एकमेव रोख परतावा तो.

तेव्हा माझं मत असं, की हा विषय जरूर शिकवावा आणि बी.कॉम.च्या पोरांवरच थांबू नये. वटाव-व्याजाचं गणित बाजाराला येतं, पण आपली जागा, आपला वेळ आणि आपल्या बायकोचे हात यांची किंमत धरायला तो हटकून विसरतो. पुस्तक ती आठवण करून देतं, मग भले चहा बंद होवो.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं खानदेशात साड्यांचं दुकान असेल, तर एक विनंती. लग्नसरा निघाली आहे, 45 दिवसही उलटले आहेत. पेमेंट पाठवून द्या. वटावाचं आपण फोनवर बघू.