टेंपरेचरच्या काट्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. टेंपरेचर काटा साहेब,
मुक्काम डॅशबोर्ड, जुनी डिझेल जीप,
हिंगोली.

विषय : आपल्या मध्यममार्गाबाबत.

महोदय,

आपल्या स्थितप्रज्ञतेला प्रथम साष्टांग दंडवत. बाहेर मे महिन्याचा पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला, टपावर हळदीची पोती, आत मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, बॉनेटच्या फटीतून वाफेची पहिली रेघ. आणि आपण सी आणि एच यांच्या बरोब्बर मध्ये, जणू काही घडलेलंच नाही. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, आणि ही जीपही साधारण त्याच वयाची. तेव्हापासून जिल्ह्यात कितीतरी साहेब आले आणि गेले. बदली तेवढी आपली झाली नाही.

सगळा दोष आपला नाही, हे आधीच लिहून देतो. आपण नुसते सहीचे धनी. खरी बातमी खालून येते. इंजिनाच्या हेडजवळ पाण्यात बुडालेला बोटभर सेन्सर असतो. पाणी तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि आपण वर सरकता. वायर तुटली की बातमी बंद, आपण 'थंड'वर. इथवर समजून घेता येतं. पण होजपाइप फुटून पाणीच निघून गेलं, तर तो सेन्सर कोरडा लोंबकळत राहतो, पाण्याचा चटका बसायचा बंद होतो आणि आपण सावकाश खाली उतरता. तिकडे हेड वाकतंय, गॅस्केट जळतंय. इकडे आपला अहवाल, परिस्थिती नियंत्रणात. पाणी आहे तोवर काळजी आणि पाणी संपलं की निश्चिंती, ही कार्यपद्धती मराठवाड्याला अपरिचित नाही. पण ती इतक्या निष्ठेने पाळणारा आपल्यासारखा दुसरा विरळाच.

आपल्या हाताखालच्या मंडळींचं काय झालं, तेही कानावर घालतो. थर्मोस्टॅट व्हॉल्व आठवतो? पोटात मेणाची गोळी घेऊन बसलेला. पाणी साधारण ८२ अंशांना पोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट उघडत नसे, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येई. त्याला आमच्याकडच्या मिस्त्रींनी एकमताने घरी बसवलं. "आपल्याकडं थंडी हाय कुठं? हे थंड मुलखातल्या गाड्याला लागतंय. फेका काढून." फेकला. आता जानेवारीच्या पहाटे नर्सीला निघालं की अर्धी वाट इंजिन गारच. धूर जास्त, डिझेल जास्त, आणि न जळालेलं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच. मे महिन्यात मात्र जे तापायचं ते तापतंच, कारण रोग त्या बिचाऱ्याच्या अंगात नव्हताच. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बायपासची वाट कायमची मोकळी होते, आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता इंजिनात परत येतं.

रोग आहे पाण्यात. आम्ही रेडिएटरला बोअरचं पाणी पाजतो. काळ्या पाषाणातून वर आलेलं ते जड पाणी तापलं की क्षार सोडतं, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून पांढऱ्या होत जातात. कूलंटचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं : "ते बर्फाच्या देशात, पाणी गोठू नये म्हणून." ते गंजू देत नाही, क्षार धरू देत नाही आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही काही अंशांनी वर नेतं, हे कुणी सांगत नाही.

झाकणाची कथा याहून करुण. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा तसाच एखादा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या दाबाखाली पाणी उकळायला ११८ अंशांच्या आसपास जावं लागतं. झाकणाचं रबर गेलं की ते शंभरालाच उकळतं. हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने त्याच्याही थोडं आधी. जवळपास वीस अंशांची ही शिल्लक एका रबरी चकतीवर अवलंबून आहे, आणि त्या चकतीच्या जागी आम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे.

आता हीटर. हिंगोलीत गाडीला हीटर कशासाठी, हे कोडं मला औंढ्याकडच्या चढावर उलगडलं. डिझेल इंजिन रिकाम्या उभ्या गाडीत फारसं तापत नाही. ओझं आणि चढ एकत्र आले की भडकतं. तसं ते भडकलं, आणि ड्रायव्हरने भर दुपारी दोन वाजता हीटरचा खटका ओढून पंखा सोडला. पायांवर भट्टीचा झोत आला. मागून एक आज्जी ओरडल्या, "आरं कामून हे लावलास? भायेरचं ऊन कमी पडायलंय का?"

"इंजनाला वाचवायलोय, आज्जी."

"मंग आमाला कोण वाचवावं?"

शास्त्र ड्रायव्हरच्या बाजूने होतं. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनाची थोडी उष्णता तिथून बाहेर पडते. बाहेर म्हणजे आमच्या अंगावर. त्यानंतर इंजिन खरंच शांत झालं, आणि आज्जींच्या प्रश्नाचं उत्तर आजतागायत कुणी दिलेलं नाही.

कारण साहेब, आपण आहात पाण्यापुरते. केबिनला काटाच नाही. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं, इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या फळीला इंजिनाच्या बाजूने लावलेला जाड नमदा केव्हाच झडलेला, पायाखालच्या पत्र्याला भोकं. त्यातून इंजिनाची हवा सरळ वर येते. क्लचवर ठेवलेला ड्रायव्हरचा डावा पाय नडगीपर्यंत भाजून निघतो. त्यावरचा चालू उपाय म्हणजे भिजवलेलं गोणपाट. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते झकास गारवा देतं, आणि पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की नुसतं कुबट वास मारतं. फाटलं रबर बदलायला खर्च येतो, गोणपाट घरचं असतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हिंगोलीहून वारंगा फाट्यापर्यंत याच गाडीत वाफेवर शिजून निघालेल्या प्रवाशांचाही त्यासाठी विचार व्हावा.

दिल्लीने मात्र दखल घेतली, हे नमूद केलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ड्रायव्हरही तापतो, हे एकदाचं कागदावर आलं. आमच्या ड्रायव्हरला ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा तो पाय गोणपाटावर ठेवत म्हणाला, "आपण जुन्या मॉडेलचे."

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१) थर्मोस्टॅट व्हॉल्वला सन्मानाने पूर्वपदावर रुजू करून घ्यावं.

२) रेडिएटरची जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावं. समोरून मारलं की सोयाबीनचा भुसा आणखी आत ठोकला जातो.

३) पंख्याभोवतीचं कडं खडखडतं म्हणून काढून ठेवलं आहे, ते परत बसवावं. त्याच्याशिवाय पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो.

४) गाडी उकळल्यावर खांद्यावरचा टॉवेल झाकणावर टाकून ते फिरवणाऱ्या शूरांना आवरावं. दाब सुटताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि टॉवेलला विचारून येत नाही. अर्धा तास थांबावं. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, आणि मग काटा कुठे आहे हे बघायलाही कुणी वाकत नाही.

५) आपण एकदा तरी खरं हलून दाखवावं. वर जायला हरकत नाही. पण पाणी नसताना खाली येऊ नये. ते जमत नसेल तर आपल्या खुर्चीखाली एक पाटी लावावी : 'हा काटा फक्त पाण्याची चौकशी करतो.'

कळावे, लोभ असावा, पण इतका गरम नसावा.

आपला,
मधल्या सीटवरचा प्रवासी

प्रत माहितीसाठी :
१) रेडिएटरचं झाकण, ट्यूबच्या तुकड्यासह.
२) ड्रायव्हरचा डावा पाय. प्रत्यक्ष परिस्थितीचा खरा अहवाल आजवर यांनीच दिला, आणि त्यांना डॅशबोर्डवर जागा नाही.