पुराणातली बाई रंगवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सूचना

आधी घाटकोपरला जागा घ्या. परवडणार नाही, ठाऊक आहे; पण घराणं तिथलंच. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९९ मध्ये मळवलीला गेला, त्याआधी काही काळ तो घाटकोपरला होता. तेव्हा आजीच्या देवघरातली कमळावरची लक्ष्मी एका परीने मध्य रेल्वेचीच. आणि आज याच घाटकोपरात चित्रकार अंजू दोडियांचा स्टुडिओ आहे. जन्म १९६४, मुंबईचाच, शिक्षण जे. जे.त.

मॉडेल शोधत हिंडू नका. रविवर्म्याला बायका समोर बसवाव्या लागत. तुम्ही घरातच आहात. आरसा पुरे. दोडियांच्या चित्रांत बाई राणी होते, लढवय्यी होते, चेहरा मात्र बहुधा चित्रकर्तीचाच. मावशी विचारेल, "अगं, ही तूच ना?" ठामपणे नाही म्हणा. चेहरा फक्त वापरायला दिलाय.

पोशाख उसना आणायला लाजू नका. जपानी ठसेचित्रं, युरोपातल्या जुन्या टॅपिस्ट्री, जिथे मिळेल तिथून उचला. पैठणीच हवी असा नियम नाही.

आता हात. इथेच नवशिके घसरतात. रविवर्म्याची शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून दुष्यंताला बघते. काटा निव्वळ बहाणा. तुमच्या बाईला बहाणा देऊ नका, काम द्या. हातात कुंचला द्या, तो हत्यारासारखा धरू द्या. बघणाऱ्याकडे तिचं लक्ष नसलं तरी बिघडत नाही. उलट तेच हवंय.

कॅनव्हास महाग वाटला तर गादी घ्या. दोडियांनी गाद्यांवरही चित्रं केली आहेत. झोपायला नकोय म्हटल्यावर गादीवाला दोनदा विचारेल. कापूस कमी करायला मात्र देऊ नका.

प्रदर्शनासाठी राजवाडा मिळाल्यास उत्तम. ज्या सयाजीरावांनी रविवर्म्याकडून पुराणचित्रं करून घेतली, त्यांच्याच बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात २००७ मध्ये दोडियांनी 'थ्रोन ऑफ फ्रॉस्ट' मांडलं, जमिनीवर आरशांचे तुकडे पसरून. सोसायटीच्या हॉलमध्ये हे करू नये. दुसऱ्या दिवशी तिथे कुणाचं तरी बारसं असतं.

गादी फोर्टातल्या गॅलरीत न्यायची तर सकाळची फास्ट विसरा. दुपारच्या स्लोचा लगेजचा डबा बरा. आत मासळीच्या पाट्या असतील, तर राणीचं तोंड भिंतीकडे करून ठेवा.